तिसऱ्या डिव्हिजनची टीम, खान्देशचा दौरा आणि मागे फिरणारे आम्ही तिघं

जंक्शनवाला
शुक्रवार, रात्री 11:20

मंडळी, रजा टाकून मी ज्या टीमच्या मागे निघालोय तिचं नाव सांगून उपयोग नाही, कुणाला माहीत नसणार. पुणे जिल्हा फुटबॉल लीग, तिसरी डिव्हिजन. गेल्या वर्षी गुणतक्ता खालून वाचायला घेतला की लगेच सापडायचो. मॅचला प्रेक्षक म्हणजे पोरांचे भाऊ, पुढच्या मॅचसाठी लवकर येऊन बसलेली टीम आणि आम्ही तिघं. एक बँकेतून रिटायर झालेले काका, एक मेडिकलवाला आणि मी. मी मूळ भुसावळचा, वडील रेल्वेत होते, आता हिंजवडीत लॅपटॉप बडवतो.

कोचही भुसावळचाच. सीझनआधी पोरांना आठवडाभर एका छपराखाली ठेवायचं त्याच्या मनात होतं, पण क्लबच्या खात्यातल्या पैशात लोणावळासुद्धा बसत नव्हतं. मग त्यानं गावाकडे फोन फिरवले. आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद, मंगल कार्यालयं ओस. एक कार्यालय लाइटबिलाच्या बोलीवर मिळालं. गाद्या तिथल्याच, आचारी ओळखीचा. पाच मॅच ठरल्या: भुसावळ, फैजपूरकडचं एक गाव, अमळनेर, नंदुरबार, धुळे.

काल संध्याकाळी पुण्याहून आझाद हिंद पकडली. अठरा पोरं, कोच, किटवाले मामा आणि आम्ही. मामांनी सात चेंडूंची जाळी वरच्या बर्थच्या साखळीला लटकवली होती. दौंड सोडल्यावर गाठ सुटली आणि चेंडू डबाभर घरंगळले. एक थेट टीसीच्या पायाशी. त्यानं वाकून उचलला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाला, "हवा कमी आहे." मग तिकिटं मागितली. मामा अजून त्या वाक्यावरून धुसफुसताहेत.

आज संध्याकाळी पहिली मॅच, रेल्वे कॉलनीतल्या पोरांशी. 2-2. स्कोअर सोडा, माती ऐका. दुपारी एक सर येऊन गेली होती. काळी माती भिजली की काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. पंधराव्या मिनिटाला प्रत्येकाच्या बुटाखाली वीतभर लगदा. आमचा राइट बॅक पळत नव्हता, वखर हाकत होता. हाफटाइमला मामा फरशीच्या कडेवर बसून एकेक बूट मांडीवर घेत होते आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरनं स्टडच्या मधली माती कोरून काढत होते, दाढेतली सुपारी काढावी तशी. पोरं पोत्यावर उभी राहून वाट बघत होती.

समोरची पोरं मात्र सगळा खेळ डाव्या अंगानं करत होती. उजवीकडे बॉल गेला की सोडून द्यायची. आम्हाला वाटलं त्यांचा राइट विंगर कच्चा आहे. मॅचनंतर चहावर कळलं की डाव्या बाजूला कधीकाळी मुरूम टाकलाय, तिथं पाय रुतत नाही. कोच भुसावळचा असून हे विसरला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाकी उद्या. मच्छर फार आहेत.

निवांत_नाना
शनिवार, सकाळी 7:05

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका, निदान मामांचा तरी.

तापीकाठ
शनिवार, सकाळी 8:40

भुसावळात येऊन गेलात आणि आधी धागा काढला नाहीत, निषेध! शेवभाजी कुठं खाल्लीत?

अनाहूत सल्ला: लांब स्टडचे बूट नंदुरबारला घालू नका. तिकडं मुरमाड, लालसर, कडक. लहान रबरी गोट्यांचे टर्फ शूज असतील तर तेच काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरं टाचा धरून बसतील. आणि ओल्या मैदानावर फक्की मारलीत का? आमच्याकडे एकदा पावसात फक्की मारली होती, दहा मिनिटांत रेषांची लापशी झाली आणि बॉल आत की बाहेर यावर पाऊण तास भांडण.

शाहूपुरीकर
शनिवार, सकाळी 10:12

तीन फॅन? काय राव. आमच्याकडं कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळाच्या पोरांचा नुसता सराव असला तर कट्ट्यावर जागा मिळत न्हाई. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची माणसं समोरासमोर बसत्यात आणि हरलेल्या पेठेत त्या रात्री रस्सा कडू लागतो. दौरा काढायचाच होता तर दक्षिणेला काढायचा.

(तरी लिहा. मामा आवडले.)

जंक्शनवाला
शनिवार, दुपारी 1:30

@शाहूपुरीकर, कोल्हापूरला आलो असतो तर तुमच्या बी टीमनं सहा घातले असते आणि आमची पोरं लीगआधीच खचली असती. कोचनं हिशोब करूनच उत्तर दिशा धरली आहे.

@तापीकाठ, शेवभाजी काल रात्रीच. बँकवाल्या काकांनी "तिखट कमी" सांगितलं. वेटरनं मान हलवली आणि जशी होती तशीच आणली.

लँकेशायरचा_लेवा
शनिवार, दुपारी 4:55

मी मूळ सावद्याचा, गेली चौदा वर्षं इंग्लंडात. धागा बघून राहवलं नाही, कारण माझा पूर्ण जुलै असल्याच सीझनआधीच्या मॅचमागे जातो.

इथं वरच्या चार स्तरांत मिळून 92 क्लब. प्रीमियर लीगचे 20, खालच्या तिन्हींत 24-24. मी लीग टू म्हणजे चौथ्या स्तरावरच्या एका क्लबचा. प्रीमियरवाले अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँग करतात. आमचे शेजारच्या गावातल्या सहाव्या-सातव्या स्तराच्या क्लबाकडे बसनं जातात, फार तर आठवडाभर स्पेन-पोर्तुगालला. मोठा क्लब "आम्ही येतो" म्हणतो आणि 21 वर्षांखालची पोरं पाठवतो. पण तिकीट स्वस्त, दोन्हीकडचे लोक एकाच कठड्याला टेकून उभे, आणि मॅच संपली की गोलकीपर आपल्या शेजारी उभा राहून चिप्स खातो.

सगळ्यात मजा खेळाडूंच्या यादीची. करार न झालेली, चाचणीवर आलेली पोरं असतात. त्यांचं नाव फोडायचं नसतं, म्हणून यादीत नुसतं "ट्रायलिस्ट". दोन असले तर "ट्रायलिस्ट ए" आणि "ट्रायलिस्ट बी". स्कॉटलंडच्या खालच्या लीगमध्ये तर खऱ्या लीग सामन्यांतही असे खेळाडू उतरलेत. तिथली जुनी थट्टा अशी की स्कॉटलंडमध्ये सगळ्यात जास्त क्लबांकडून खेळलेला माणूस म्हणजे ए. ट्रायलिस्ट.

अवांतर: ब्लॅकबर्न माझ्या घरापासून जवळ. 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजनं तो क्लब घेतला, 2011 च्या ऑक्टोबरात टीम बालेवाडीला येऊन पुणे एफसीला 3-0 हरवून गेली. तेव्हा ते प्रीमियर लीगमध्ये होते. त्याच सीझनला खाली घसरले आणि 2017 ला तर आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये. इथल्या म्हाताऱ्यांना मी पुण्याजवळचा नाही, साडेचारशे किलोमीटर लांबचा आहे हे समजावता समजावता जीव गेला.

जंक्शनवाला
शनिवार, रात्री 10:50

आज फैजपूरकडच्या गावात. मैदान शाळेचं, एक गोल रस्त्याकडे आणि दुसऱ्या गोलामागे सरळ केळीची बाग. कुंपण नाही. जाळी सुतळीनं बांधलेली, तीही खालून उघडी.

बाविसाव्या मिनिटाला आमच्या स्टॉपरनं क्लिअर करायला जो फटका मारला तो त्याच गोलावरून बागेत. केळीच्या बागेत दहा फुटांपलीकडचं दिसत नाही हे पुण्याच्या पोरांना नवीन. चार जण शिरले, आतून नुसते आवाज. मालक बांधावर उभा राहून ओरडत होता, "बॉल गेला तरी चालीन, ठिबकच्या नयावर पाय नका देऊ!" (नया म्हणजे नळ्या.) कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी) होती, घड चांगले भरलेले, काठीचे टेकू लावलेले. पंधरा मिनिटांनी चौघं बाहेर आले, एकाच्या पांढऱ्या जर्सीवर केळीच्या चिकाचे डाग. तो डाग जात नाही, मामांनी तिथंच जाहीर केलं. चेंडू काही मिळाला नाही. सातातले सहा उरले.

3-0 जिंकलो, पण खरं तर त्यांची निम्मी टीम दहावी-बारावीची पोरं. आमच्या सेंटर फॉरवर्डनं तिसऱ्या गोलनंतर हात पसरून विमान केलं तेव्हा काका जोरात म्हणाले, "बस खाली, लाज वाटू दे." मैदानावर सगळ्यांना ऐकू गेलं.

कट्ट्यावरचा_कट्टर
रविवार, सकाळी 9:15

स्पष्ट बोलतो, राग नसावा. फ्रेंडलीच्या निकालाला काडीची किंमत नसते. कुणीही कितीही बदली करतो, बाहेर गेलेला परत आत येतो. यासाठी रजा? या पैशात मुंबईत आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) चार मॅच झाल्या असत्या.

जंक्शनवाला
रविवार, सकाळी 11:30

@कट्टर, मुद्दा बरोबर, म्हणून तर आलो. आयएसएलची मॅच मी टीव्हीवर बघतो तेवढीच स्टेडियममध्ये दिसते, फक्त लांबून. इथं मी टचलाइनवर दोन हातांवर बसतो. बॉल छातीवर घेतला तर फटका ऐकू येतो. कोच कुणाला काय बोलला, त्यावर तो पोरगा तोंडातल्या तोंडात काय म्हणाला, सगळं. लीगमध्ये एक गुण पणाला असतो, त्यामुळे कोच नेहमीचे अकरा उतरवतो आणि आम्ही पाठ झालेला खेळ बघतो. इथं त्यानं लेफ्ट बॅकला मधे खेळवलं, पोरगा वीस मिनिटं हरवल्यासारखा फिरला आणि अचानक त्याला जागा सापडली. ते सापडणं बघायला मी पैसे दिलेत. निकाल तुम्ही घ्या.

बदल्यांचं म्हणाल तर ती पळवाट नाही. दोन्ही टीमांनी आधी आकडा ठरवून रेफ्रीला सांगितला की फ्रेंडलीत नियमातच ती मुभा आहे.

जंक्शनवाला
सोमवार, दुपारी 2:20

अमळनेर. इथं आमचं कॅलेंडर चुकलं. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे कानबाई, खान्देशातला देवीचा सण, हे भुसावळच्या कोचनं आणि भुसावळच्या मी, दोघांनी विसरावं? संध्याकाळी खेळायला माणूसच मिळणार नव्हता, म्हणून मॅच सकाळी सातला झाली. 1-1, सगळे अर्धे झोपेत.

मॅचनंतर त्यांच्या कॅप्टननं सगळ्यांना घरी नेलं. देवघरापुढे कानबाई मांडलेली, नारळाचा मुखवटा, नथ, दागिने, केळीचे खांब. ओसरीत पंगत. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. आमचा गोलकीपर नागपूरकडचा, सहा फूट दोन इंच, भूक त्याच प्रमाणात. स्वयंपाकघरात जाऊन आला आणि परातीतला नैवेद्याचा एक रोट उचलून तोंडाशी नेला. घरात एकदम सामसूम. कॅप्टनची आजी तरातरा आली, त्याच्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "हाई भाऊबंदनंच खावानं ऱ्हास, भाऊ. तुले दुसरं देस." रोट कुळातल्या माणसांनीच खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत. गोलीचा चेहरा लाल. मग आजीनंच त्याच्या पानात एकावर एक चार पुरणपोळ्या टाकल्या, वर तूप, आणि तो खाऊन संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

आज सकाळी विसर्जनाची मिरवणूक. बायकांच्या फुगड्या, बँड, डोक्यावर कानबाई. रस्ता भरलेला. आमची नंदुरबारची पॅसेंजर चुकली. कोच चिडला होता, पण फुगडीत त्याचीच तीन पोरं सापडली म्हटल्यावर कुणावर ओरडणार?

खान्देशी_पावरी
सोमवार, दुपारी 3:40

भाऊ, आमना गावले येल व्हतात आनि सांगं बी नही! मी मॅच देखाले येतू ना. त्या गोलीले सांगा, पुढला साले कानबाईले परत ये, आजी वाट देखी.

झेडपी_मास्तर
सोमवार, सायंकाळी 6:10

फार छान. श्रावणात टीमला प्रथिनं काय देताय? आमच्याकडे आचारी अंडं फोडायला तयार होणार नाही.

आठवण निघाली म्हणून. 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात होता, त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभर शाळांत फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम झाला. आमच्या दोनशिक्षकी शाळेलाही चेंडू आले. खेळायला पटांगण होतं, पण कडेनं बाभळी. पहिला चेंडू एका दिवसात गेला. गावातल्या सायकलवाल्यानं पंक्चर काढून दिलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा म्हणाला, "गुरुजी, बाभूळ तोडा किंवा खेळ बदला." आम्ही मुलांना आधी काटे वेचायला लावायचो, मग मॅच. वीस मिनिटं काटे, वीस मिनिटं फुटबॉल.

जंक्शनवाला
मंगळवार, रात्री 11:45

@मास्तर, शेंगदाणे, मूग, दूध. अंड्यांचा प्रश्न मेडिकलवाल्यानं परस्पर सोडवला, कसा ते इथं लिहीत नाही, आचारी वाचत असेल.

नंदुरबार. 1-3 हरलो, आणि तेही त्यांनी दया केली म्हणून. समोर बहुतेक आश्रमशाळांतून शिकून निघालेली पोरं, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडची. निम्म्यांच्या पायात बूट, चार-पाच अनवाणी. बूट नव्हते असं नाही, काठावर काढून ठेवले होते. एकाला विचारलं तर म्हणाला, "पायानं बॉल कळतो."

@तापीकाठ, तुमचं ऐकून टर्फ शूज घातले म्हणून निदान नव्वद मिनिटं उभे तरी राहिलो.

त्यांचा लेफ्ट विंगर. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, एकोणीस वर्षांचा, अंगानं काटकुळा. आमच्या राइट बॅकला पहिल्यांदा बाहेरून काढलं. दुसऱ्यांदा बाहेरून. तिसऱ्यांदा हा बाहेर सरकला तर तो आतून. चौथ्यांदा आमचा पोरगा जागच्या जागी उभा राहिला आणि कोचकडे बघू लागला. कोचनं हात वर केले. हाफटाइमला कोच पाणी प्यायला न जाता त्यांच्या सरांकडे गेला. गुरुवारी धुळ्याला तो पोरगा आमच्याकडून खेळणार आहे. @लँकेशायरचा_लेवा, आमच्याकडे पण आला एक ट्रायलिस्ट!

निवांत_नाना
बुधवार, सकाळी 7:30

अनवाणीवरून आठवलं, 1950 च्या वर्ल्डकपला आपल्याला बूट नाहीत म्हणून जाऊ दिलं नाही ना?

झेडपी_मास्तर
बुधवार, सकाळी 8:20

नाना, ही गोष्ट सांगायला बरी वाटते. तेव्हा संघटनेनं निवडीवरचे मतभेद आणि सरावाला वेळ नाही ही कारणं दिली होती, आणि ऑलिंपिकपुढे वर्ल्डकपचं तेव्हा तितकं कौतुकही नव्हतं. अनवाणी खेळलो ते 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, 31 जुलैला, फ्रान्सशी. बहुतेक जण अनवाणी. 1-2 हरलो आणि दोन पेनल्टी घालवल्या. पेनल्टी नसत्या हुकल्या तर आज कुणी बुटांचा विषयही काढला नसता.

जंक्शनवाला
शुक्रवार, दुपारी 12:10

काल धुळे. ऊन असं की श्रावण आहे की वैशाख कळेना. हवेत दमटपणा, वारा नाही. रेफ्री म्हणजे स्थानिक पीटी सर, त्यांनी पंचविसाव्या मिनिटाला शिट्टी मारून दोन्ही टीमना सावलीत नेलं, बादलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "सर, फिफाचा नियम 32 डिग्रीचा आहे, आता 33 तर आहे!" सर शांतपणे म्हणाले, "तो 32 चा आकडा वेगळा असतो बाळा, त्यात दमटपणा आणि ऊन दोन्ही धरतात. साध्या थर्मामीटरचा नाही. पाणी पी." सर बरोबर होते, मी नंतर बघितलं.

यादी मी लिहिली. नंदुरबारच्या पोराचं नाव लिहू का विचारलं तर कोच नको म्हणाला, अजून त्याच्या सरांशी नीट बोलणं व्हायचंय. म्हणून 17 नंबरसमोर लिहिलं: पाहुणा. धुळ्याच्या माइकवाल्यानं ते जसंच्या तसं वाचलं. "डावीकडून पाहुणा... पाहुण्यानं एकाला काढलं... पाहुण्याचा क्रॉस..." आणि गोल. 1-0. मैदानावरची सगळी पोरं हसत होती. पाहुणा मात्र लाजून पाठ फिरवून उभा. बूट घातले होते, आमच्या राइट बॅकचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस भरून.

रात्रीच्या गाडीनं परत. मला एकूण खर्च साडेपाच हजार, त्यात शेवभाजी तीन वेळा.

लँकेशायरचा_लेवा
शुक्रवार, दुपारी 3:30

पाहुणा! इथल्या यादीत लिहायला सांगतो पुढच्या जुलैत.

तापीकाठ
शुक्रवार, सायंकाळी 7:00

पुढच्या वेळी डिसेंबर-जानेवारीत या. नंदुरबारला मिरचीच्या पथारी पडलेल्या असतात, शिवारभर लाल. भरिताची वांगी पण तेव्हाच. फक्त मिरचीचा वारा आला की खेळाडू शिंकत बसतील ते सोडा.

शाहूपुरीकर
सप्टेंबर 24, रात्री 9:40

धागा वर काढतोय. पाहुण्याचं काय झालं?

जंक्शनवाला
सप्टेंबर 25, सकाळी 8:15

अडकलंय. ऑनलाइन रजिस्ट्रेशनला जन्मदाखला आणि आधार लागतो. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरी म्हणजे पाड्यावरून आधी पायी, मग जीप, मग एसटी. पहिल्या दोन लीग मॅच गेल्या. आम्ही एक हरलो, एक बरोबरी. राइट बॅक मात्र सुधारलाय, म्हणतो, "त्याच्यापेक्षा वाईट आता कोण येणार?"

केळीबाग
नोव्हेंबर 6, सायंकाळी 5:50

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. फैजपूरकडचा, तुमची मॅच झाली त्या बागेचा मालक. पुतण्यानं हा धागा दाखवला. तुमचा बॉल सापडला बरं का. घड कापायला मजूर लावले होते, मधल्या ओळीत वाळल्या पानांखाली होता. शाळेतली पोरं घेऊन गेली, रोज खेळतात. पाहिजे असेल तर पाठवतो.

जंक्शनवाला
नोव्हेंबर 6, रात्री 9:05

काका, राहू द्या पोरांकडे. नळ्या शाबूत आहेत ना? मामा इथं शेजारी बसलेत, ते एवढंच विचारताहेत की बॉलमध्ये हवा किती राहिली होती.

केळीबाग
नोव्हेंबर 6, रात्री 9:20

दोन नळ्या फुटल्या होत्या, जोडून घेतल्या. बॉल अंगठ्यानं दाबून पाहिला होता. अर्धीच होती.